हळवं कापणीला, गरवं फुलोऱ्यात : परतीच्या पावसातले पाच दिवस

पहिला दिवस : आरे, कामण

8 ऑक्टोबर. मुंबईतून मोसमी पाऊस परत फिरण्याची हवामान खात्याची ही सर्वसाधारण तारीख. पूर्वी ती 29 सप्टेंबर होती. 2020 मध्ये नव्या नोंदींवरून पुढे सरकवली गेली. शहरात या नऊ दिवसांनी छत्री थोडी उशिरा माळ्यावर जाते. भाताच्या खाचरात मात्र सगळं गणित हलतं.

गणित असं. 10 जूनच्या आसपास बी पडलं, तर 115 दिवसांचं हळवं भात 3 ऑक्टोबरला कापायला येतं, 130 दिवसांचं निमगरवं 18 ऑक्टोबरला आणि 145 दिवसांचं गरवं 2 नोव्हेंबरला. फुलोऱ्यापासून पिकायला साधारण 30 दिवस लागतात, ढगाळ हवेत तीन-चार दिवस जास्त. म्हणजे आज एकाच गावात वरचा तुकडा विळ्याची वाट बघतोय, मधला चिकातून घट्ट होतोय आणि खालच्या पाणथळ खाचरातला अजून फुलोऱ्यात आहे. सर एकच येते, पण तिघांचं तीन तऱ्हांनी होतं. म्हणून या पाच दिवसांत प्रत्येक बांधावर पहिला प्रश्न हाच विचारला : फुलोरा कधी आला होता? पाऊस किती मिलिमीटर पडला, ते त्यानंतर.

सुरुवात मुंबईतच केली. आरेच्या पाड्यांवर वारली कुटुंबं आजही भात लावतात, हे गोरेगावला उतरणाऱ्या बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. खाचरं लहान, उताराची, झाडांच्या सावलीत अर्धी झाकलेली. हळवं भात इथे कापणीला आलंय. सावलीतल्या पट्ट्यात मात्र लोंबीचा खालचा तिसरा हिस्सा अजून हिरवा आहे. असं असेल तेव्हा तुकडा एकदम कापू नये. लोंबीतले दाणे वरून खाली पिकत येतात. शेंड्याकडचे 80 ते 85 टक्के दाणे सोनेरी झाले आणि बुडाकडचे घट्ट झाले की कापणीची वेळ आली. उरलेले हिरवे दाणे पिकण्याची वाट बघत बसलं, तर आधी पिकलेले झडायला लागतात. इथे उन्हातला पट्टा आज आणि सावलीतला चार दिवसांनी, असं दोन हप्त्यांत कापायचं ठरलंय, ते बरोबर आहे.

दुपारी वसई पूर्वेला कामणकडे. इथलं दुखणं वेगळं. पीक चांगलं, लोंब्या भरलेल्या, पण खाचरात वीतभर पाणी. पाऊस दोन दिवसांपूर्वी थांबला तरी पाणी हलत नाही, कारण खालच्या अंगाला भराव पडलाय आणि जुना ओहोळ त्याखाली गेलाय. कापणीच्या आधी निदान 8 ते 10 दिवस खाचर कोरडं व्हायला हवं. तसं झालं नाही, तर चुडाचं, म्हणजे एकत्र लावलेल्या रोपांच्या जुडीचं, बूड कुजून पीक आडवं पडतं, दाणे एकसारखे पिकत नाहीत आणि कापलेल्या पेंढ्या ठेवायला कोरडी जागा उरत नाही. बांधाला दोन ठिकाणी फावड्याने तोंड काढून, वरच्या खाचराचं पाणी खालच्या खाचरात न सोडता कडेच्या चरातून काढलं, तर तीन-चार दिवसांत जमीन पाय धरते. पण तो चर जाणार कुठे, हा प्रश्न एकट्या शेतकऱ्याच्या हातातला नाही, आणि तो दरवर्षी थोडा अवघड होत चाललाय.

दुसरा दिवस : वज्रेश्वरी, कुडूस, वाडा

सकाळी साडेसातला तानसा नदीकाठच्या शेतांवर दाट दव. पायजमा गुडघ्यापर्यंत भिजतो. हे दव दहा-साडेदहाशिवाय उठत नाही, आणि ते उठेपर्यंत विळा लावण्यात अर्थ नसतो. दुसरीकडे ऑक्टोबरातला पाऊस दुपारी तीननंतर येतो. मोसमी वारा ढिला पडतो, वारा पूर्वेचा होतो, दुपारच्या तापलेल्या हवेने सह्याद्रीवर उंच ढग चढतात आणि संध्याकाळी तेच ढग खाली किनाऱ्याकडे ढकलले जातात. म्हणून कामाचा दिवस दहा ते तीन, म्हणजे जेमतेम पाच तासांचा. पाच तासांत कापून, बांधून, झाकून होईल तेवढंच कापायचं. वाड्यात अनुभवी माणसं रडारचं चित्र मोबाइलवर बघतात. कुलाबा आणि वेरावली, दोन्ही रडारांची चित्रं हवामान खात्याच्या संकेतस्थळावर मिळतात. डोंगरावर लाल ठिपका उगवला की घाटपायथ्याला हाताशी थोडाच वेळ उरतो.

कुडूसजवळ एका खाचरापाशी बराच वेळ गेला. कर्जत-3, हळवं, 115 ते 120 दिवसांचं. खाचराच्या मालकाला, काकांना, विचारलं, फुलोरा कधी आला होता? ते म्हणाले, "गौरी गेल्या त्याच आठवड्यात." म्हणजे महिना उलटून गेलेला. परवा संध्याकाळी वाऱ्यासकट सर आली आणि अर्धा तुकडा पश्चिमेकडे आडवा झाला.

आडव्या पडलेल्या भातात खाली वाकून हात घातला, की वरची लोंबी कोरडी लागते आणि खालची, चिखलाला टेकलेली, गार आणि बुळबुळीत. तिथली एक लोंबी काढून तळहातावर झोडली. दहा-बारा दाण्यांच्या टोकाला, जिथे दाणा देठाला चिकटलेला असतो तिथे, टाचणीच्या डोक्याएवढा पांढरा ठिपका. तो मोड. पिकलेला दाणा, ओल आणि ऊब एकत्र आली की दोन-तीन दिवसांत कोंब फुटतो, कारण या वाणांच्या दाण्याला झोप फारशी नसते. ठिपका दिसतोय तोवर दाणा वाचवता येतो. कोंब अर्धा सेंटिमीटर झाला, की आतला तांदूळ पीठ व्हायला लागलेला असतो. गिरणीत त्याची कणीच पडते.

अशा तुकड्यात काय करायचं, याचा क्रम ठरलेला आहे. आधी पाणी बाहेर काढायचं. कापणी पीक ज्या बाजूला पडलंय तिथून सुरू करून उलट दिशेने न्यायची. इथे पीक पश्चिमेला झुकलेलं, म्हणून विळा पश्चिमेकडून पूर्वेकडे. म्हणजे लोंबी आधी हातात येते, पायाखाली जात नाही. चिखल लागलेल्या लोंब्यांचा भारा वेगळा बांधायचा, चांगल्यात मिसळायचा नाही. कापलेलं भात जमिनीवर पसरायचं नाही. बांधावर, लोंब्या वर करून, एकमेकांना टेकवून उभं करायचं. त्याच दिवशी झोडायला जमणार नसेल आणि आभाळ भरलेलं असेल, तर लोंब्यांवर मिठाचं पाणी फवारतात : एका लिटरला 50 ग्रॅम, म्हणजे 5 टक्के. गुंठ्याला 5 लिटर पाणी, 250 ग्रॅम मीठ. यानं मोड फुटणं लांबतं. त्यातून दोन दिवसांची सवड मिळते, एवढाच त्याचा उपयोग. त्यावर विसंबून भारे आठवडाभर ठेवायचे नसतात.

पीक आडवं का पडलं, हेही बघायला हवं. शेजारचा तुकडा त्याच वाणाचा, त्याच वाऱ्यात उभा राहिलाय. फरक दोन गोष्टींत सापडला. पडलेल्या तुकड्यात चूड दाट, एका चुडात सात-आठ रोपं लावलेली. उभ्या तुकड्यात दोन-तीन. आणि पडलेल्यात युरियाचा शेवटचा हप्ता निसवायच्या, म्हणजे लोंबी बाहेर पडायच्या, तोंडावर गेलेला. दाट लावणीत काडी बारीक आणि उंच होते, उशिराच्या नत्राने मऊ राहते, वर लोंबीचं ओझं. वारा फक्त निमित्त होतो. हे काकांना आता सांगून या हंगामात उपयोग नाही, पण पुढच्या जूनसाठी त्यांनी स्वतःच मुलाला उभ्या तुकड्यातला चूड उपटून रोपं मोजायला लावली.

कापताना विळा कुठला, यालाही महत्त्व आहे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा दातेरी वैभव विळा इथे बऱ्याच घरांत दिसतो. त्याने जमिनीलगत कापता येतं. वीतभर धस, म्हणजे ताटांचे खुंट, ठेवून कापलं, तर त्यात खोडकिड्याची अळी सुखाने राहते आणि पुढच्या वर्षी पांढऱ्या लोंब्या देते.

वाडा शहराच्या पुढे, वैतरणेच्या खोऱ्यात, कोलम भात. वाडा कोलमला 2021 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. झिनी आणि सुरती हे त्याचे दोन प्रकार. दाणा बारीक, पीक उशिराचं, कापणी अजून लांब. काल-परवाच्या सरींनी इथे आडवं काही पाडलेलं नाही. पण या पिकाला धोका खालून आहे.

उभं पीक वरून हिरवंगार दिसतं. चूड दोन्ही हातांनी फाकवून बुडाशी बघितल्याशिवाय तपकिरी तुडतुडे, हे बारीक किडे, दिसत नाहीत. चुडाला हलकी टिचकी मारली की पाण्यावर पडतात आणि तिरके चालत पुन्हा चढतात. तुकड्याच्या कडेचे नव्हे तर आतले दहा चूड, कोपऱ्याकोपऱ्यांतून, असे तपासायचे. चुडामागे पाच-दहा निघाले की थांबायचं नाही. उघडीप, मग सर, मग दमट ऊन, असं हवामान त्यांना मानवतं. दाट लावणी आणि साचलेलं पाणी त्याहून जास्त. दुर्लक्ष झालं तर आठ-दहा दिवसांत शेताच्या मध्यावर गोल तपकिरी चट्टा पडतो, भाजल्यासारखा, आणि तो रोज मोठा होतो.

पहिला उपाय औषधाचा नाही. पाणी तीन-चार दिवस काढून टाकायचं, दर अडीच-तीन मीटरवर पीक दोन्ही बाजूंना सारून फूटभर वाट मोकळी करायची म्हणजे बुडाशी वारा आणि ऊन लागतं, आणि नत्र पूर्ण बंद. फवारणी करावीच लागली तर नोझल चुडाच्या बुडाशी धरायचं. वरून पानांवर मारलेलं औषध तुडतुड्यांपर्यंत पोचतच नाही. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातली औषधं इथे वापरू नयेत. त्यांनी कोळी आणि मित्रकीटक मरतात आणि तुडतुडे पुन्हा, पहिल्यापेक्षा जास्त, वाढतात. आणि डब्यावरचा शेवटची फवारणी ते कापणी हा कालावधी वाचायचा. तुडतुड्यांवरच्या बऱ्याच औषधांना तो तीन आठवड्यांच्या आसपास असतो. कोलमला तेवढे दिवस आहेत का, हे आज मोजून बघावं लागेल. शेजारच्या हळव्याला ते नक्कीच नाहीत.

संध्याकाळी पावणेपाचला सर आली. वीस मिनिटं. काकांचे भारे तोवर ताडपत्रीखाली गेले होते.

तिसरा दिवस : विक्रमगड, जव्हार

चढण लागली की भाताची खाचरं अरुंद होतात आणि उतारावर नागली (नाचणी), वरई, उडीद, खुरासणी (कारळे) सुरू होते. जव्हार सुमारे 450 मीटर उंचीवर आहे. पाणी टिकत नाही, त्यामुळे पाऊस जास्त झाला तर भाताइतकं बिघडत नाही, आणि आठ दिवस ओढ दिली तर आधी इथलं पीक सुकतं.

नागली बघताना घाई करू नये. तिची कणसं एकाच वेळी पिकत नाहीत. मधल्या ताटाचं कणीस तपकिरी होतं तेव्हा बाजूच्या फुटव्यांची हिरवी असतात. म्हणून खुडणी दोनदा करतात, मध्ये आठ-दहा दिवस जातात. पावसाच्या भीतीने सगळं एकदम कापलं तर अर्धा माल हलका निघतो. पिकलेली कणसं शेतात ठेवली तर भिजून काळी पडतात. आज एका उतारावर पहिली खुडणी चालू होती. दोन मावश्या कमरेला टोपली बांधून, हाताने कणीस वाकवून, बोटभर देठ ठेवून कापत होत्या. देठ ठेवतात कारण कणसं टोपलीत एकमेकांवर घट्ट बसत नाहीत, हवा खेळते. एरवी खुडलेली कणसं दोन-तीन दिवस ढीग घालून ठेवतात. थोडी ऊब आली की दाणा सहज सुटतो. ती रीत कोरड्या हवेतली. ओल्या कणसांचा ढीग घातला की बुरशी धरते आणि भाकरीला वास येतो. यंदा कणसं चुलीवरच्या माळ्यावर पातळ पसरायची, असं मावशींनी आधीच ठरवून ठेवलंय. धूर लागतो, पण बुरशी लागत नाही.

काही कणसांच्या मानेवर काळा पट्टा आणि त्यावरची बोटं सुकलेली. हा करपा रोग. मान धरली की वर दाणा भरत नाही. आता फवारून उपयोग नाही. या कणसांचं बी धरायचं नाही, एवढंच हातात आहे. बियाण्याची कणसं पहिल्या खुडणीतून, निरोगी ताटांची, आजच वेगळी बांधलेली बरी.

वरईला उलट भीती, झडण्याची. पिकून गेल्यावर वाऱ्यानेच दाणे पडतात. कणीस पिवळसर व्हायला लागलं की सकाळी दव असतानाच कापलेली चांगली. दवाने दाणे जरा धरून राहतात. भाताला दव नको, वरईला हवं. उडदाच्या काळ्या शेंगा तोडून घरात आणलेल्या दिसल्या, तेही योग्य. वेलावर भिजल्या की शेंगेतच मोड येतात. खुरासणी पिवळीजर्द फुललीये. तिला सध्या एकच हवं, सकाळची उघडीप, कारण तिचं परागीकरण मधमाशांवर चालतं आणि माशा पावसात बाहेर पडत नाहीत. आज सकाळी नऊला फुलांवर माश्या भरपूर होत्या.

चौथा दिवस : खोडाळा, शहापूर, मुरबाड

खोडाळ्यावरून कसाऱ्याकडे उतरताना दरीतल्या खाचरांचा रंग वरून नीट दिसतो. पिवळे तुकडे हळव्याचे, पोपटी निमगरव्याचे, गडद हिरवे गरव्याचे. खालच्या टप्प्यात बहुतेक पोपटी. हीच अवस्था लष्करी अळीला आवडते. भरपूर पाऊस, मग काही दिवस उघडीप, असं झालं की ती उठते. दिवसा चुडाच्या बुडाशी, जमिनीच्या भेगांत बसते, अंधार पडला की वर चढून लोंब्या कुरतडून खाली टाकते. सकाळी खाचरात तुटलेल्या लोंब्या दिसल्या तर उंदीर म्हणून सोडून देऊ नये. जमिनीवर हिरवट-तपकिरी बारीक लेंड्या आहेत का ते बघायचं. चौरस मीटरमध्ये चार-पाच अळ्या म्हणजे मर्यादा ओलांडली. बांधावरचं गवत काढणं आणि पक्ष्यांना बसायला फांद्या रोवणं, ही कामं आज करण्यासारखी. फवारणी संध्याकाळी, अळी बाहेर येते तेव्हा.

शहापूरला एका मोठ्या सपाट तुकड्यात कापणीयंत्र उतरवलं होतं आणि ते रुतलं. जमिनीवर टाच दाबली तर दोन बोटं आत जात होती. टाच उमटते पण बुडत नाही, एवढी जमीन घट्ट झाल्याशिवाय यंत्र उतरवू नये. चाकांच्या चाकोऱ्या पुढच्या चिखलणीपर्यंत त्रास देतात. आडव्या भातात यंत्राने दाणाही बराच सांडतो.

मुरबाडपर्यंत पोचलो तेव्हा आभाळ काळं, पाऊस नाही. इथे एका खळ्यावर ओलावा मोजला : 21 टक्के. शासकीय खरेदीला 17 टक्क्यांपर्यंतचं भात चालतं. आदिवासी भागात ही खरेदी आदिवासी विकास महामंडळ करतं. साठवायला 14, बियाण्याला 12. 22 टक्क्यांचं 100 किलो भात 14 टक्क्यांवर आणलं की साधारण 91 किलो उरतं. नऊ किलो पाणी गेलं, दाणा नाही, हे व्यापाऱ्याशी भाव ठरवताना लक्षात ठेवायचं.

वाळवण्यातली चूक सगळ्यात जास्त सिमेंटच्या खळ्यावर होते. ऑक्टोबरचं ऊन कडक, खळं तापतं, वरचा पातळ थर दोन तासांत खडखडीत वाळतो, आतला ओलावा तसाच. मग संध्याकाळी दव किंवा शिंतोडा. वाळलेल्या दाण्याने पुन्हा ओल प्यायली की त्याला आतून चीर जाते. बाहेरून काही दिसत नाही. गिरणीत कणी पडते तेव्हा दोष गिरणीवाल्याला. म्हणून थर 3 ते 5 सेंटिमीटर, अर्ध्या तासाने परतायचं, भर दुपारी बारा ते दोन गोळा करून ठेवायचं आणि चारला झाकायचं. शेतात पिकून उभ्या राहिलेल्या भाताचंही हेच होतं : रोज सकाळी दव, दुपारी ऊन. चांगलं दिसतंय म्हणून आठ दिवस जास्त उभं ठेवलेलं भात वजनात भरतं आणि तांदळात मार खातं.

पाचवा दिवस : कर्जत, पनवेल, पेण

कर्जतचं भात संशोधन केंद्र 1919 पासूनचं. या पाच दिवसांत दिसलेल्या हळव्या-निमगरव्या वाणांपैकी कितीतरी नावं इथूनच निघालेली : कर्जत-3, कर्जत-5, कर्जत-7, कर्जत-184, आणि सह्याद्री नावाचे संकरित वाण. कर्जतच्या आसपास नदीकाठच्या खाचरांत निमगरवं आणि गरवं जास्त. दोन-तीन ठिकाणी लोंबीत दाण्याऐवजी मखमली पिवळ्या-हिरव्या गोळ्या. आभासमय काजळी. फुलोऱ्याच्या वेळी ढगाळ, ओली हवा आणि भरपूर नत्र असलं की येते. गोळ्या दिसल्यावर फवारणीचे पैसे वाया; बुरशीनाशकाची वेळ पोटरीची, म्हणजे लोंबी अजून पानाच्या आवरणात असते तेव्हाची. आता अशा लोंब्या हलक्या हाताने, पिशवीत कापून काढायच्या, कापणीच्या आधी, नाहीतर मळणीत भुकटी सगळ्या भाताला लागते.

गरवं इथे फुलोऱ्यात. भाताची फुलं सकाळी नऊ ते बाराच्या दरम्यान उघडतात, प्रत्येक फूल जेमतेम तासभर. दुपारी चारची सर त्यांना फारसं काही करत नाही. सकाळी दहाची सर मात्र परागकण धुऊन नेते आणि महिन्याने पळींज, म्हणजे पोकळ दाणे, हाती येतं. म्हणून या तुकड्यांसाठी सकाळी आभाळ कसं होतं, एवढंच लिहून ठेवलंय. पाचही सकाळी कोरड्या गेल्या.

पनवेलच्या पुढे वारा खारा होतो. पनवेलला खार जमिनीचं संशोधन केंद्र आहे, पनवेल-1, 2, 3 हे क्षार सहन करणारे वाण तिथले. पेणच्या खारेपाटात त्यांच्या जोडीला कुठे कुठे जुना, लाल दाण्याचा राता अजून तग धरून आहे. इथे येईपर्यंत चार दिवस पावसाकडे शत्रू म्हणून बघण्याची सवय झाली होती. खारेपाटात ती मोडावी लागते. पावसाळाभर गोड्या पाण्याने मीठ खाली दाबलेलं असतं. पाऊस थांबून ऊन पडलं की ओल वर खेचली जाते, मीठ तिच्याबरोबर वर येतं आणि बांधाच्या कडेला पांढरा पापुद्रा धरतो. गरवं भात दाणा भरत असताना हा पापुद्रा आला तर पानांची टोकं जळतात आणि दाणे पोचट राहतात. त्यामुळे वाड्याला जी सर नको, तीच पेणला अजून पंधरा दिवस हवी. "पडतील उत्तरा तर भात खाईना कुत्रा" म्हणतात. खारातली माणसं उत्तरा नक्षत्रावर थांबत नाहीत, चित्रेचाही पाऊस मागतात.

खाडीचं पाणी अडवणाऱ्या खारबांधाची उघाडी, म्हणजे त्याचं दार, बघितली. लाकडी फळ्यांची, खाचेत वरखाली सरकणारी. ओहोटीला उघडून शेतातलं जास्तीचं पाणी खाडीत सोडायचं, भरतीआधी बंद. तिथले एक दादा गुडघाभर पाण्यात उतरून खालच्या फळीच्या कडेला चिकणमाती आणि पेंढा ठासत होते, कारण तिथून बोटभर धार आत येत होती. चव घेऊन बघितली, खारट. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला हीच बोटभर धार रुंदावते, माती वाहून जाते आणि बांधाला खांड, म्हणजे भगदाड, पडते. मग एका रात्रीत बांधाच्या आतली सगळी शेतं खारी. शेतातलं गोडं पाणी सगळं सोडून द्यायचं नाही, चार बोटं राखायचं, हा इथला नियम. कामणला जे पाणी काढायची धडपड, ते इथे धरून ठेवायची. आणि भात वेळेवर निघालं तरच नोव्हेंबरात त्याच ओलीवर वाल टोकता येतो. कापणी लांबली की वालाची ओल उडते.

नुकसान झालंच तर पंचनाम्याआधी तुकडा साफ करू नये. शासनाच्या मदतीला 33 टक्के नुकसान ही अट असते. आडवं पडलेलं पीक, मोड आलेली लोंबी जवळून, आणि सातबाऱ्यावरच्या गटाची ओळख पटेल अशी बांधाची खूण, असे तीन फोटो तारीख आणि ठिकाणासकट काढून ठेवावेत. पंचनामा लांबतोय आणि भात सडतंय, अशी वेळ आली तर फोटो काढून, तलाठ्याला लेखी कळवून, पोच घेऊन कापावं.

पेणहून निघताना कुडूसहून फोन. काकांनी पडलेला तुकडा काल पूर्ण कापून रातोरात झोडून घेतला. चिखलाच्या लोंब्यांचे दीड पोतं वेगळे ठेवलेत, ते घरच्या कोंबड्यांना. बाकीचं भात पोत्यात न भरता पडवीत चार बोटं जाड पसरलंय, दोन पंखे लावून, दर दोन तासांनी उठून परततायत. सकाळी 24 असलेला ओलावा आता 19 आलाय. "उद्या ऊन पडलं तर खळ्यावर घालतो," म्हणाले, "नाही पडलं तर पंखे चालूच."